रजनीताईंची सहावी उडी

रजनीताई भुयार यांना मी प्रथम पाहिलं ते अमरावतीच्या मैदानावर, सकाळी साडेसहाच्या सुमारास. उडीच्या खड्ड्यात गुडघ्यांवर बसून त्या उघड्या हातांनी वाळू चाळत होत्या. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. शालेय स्पर्धेत लांब उडीत माझा नंबर आला होता आणि शाळेतल्या सरांनी वडिलांना सांगितलं होतं, "हिला ताईंकडे न्या. तिहेरी उडी शिकवतील." माझे वडील अकोल्याला जठारपेठेत पौरोहित्य करतात. त्यांचा मैदानाशी कधी संबंध आला नव्हता. पहाटेच्या एसटीने आम्ही आलो होतो आणि ते धोतर सावरत धावपट्टीच्या कडेला अवघडून उभे होते.

ताईंनी वर न बघताच मला नाव विचारलं. मी मेधा म्हणून सांगितलं.

"मेधा, बस अशी. वाळूत हात घाल."

मी भीत भीत हात घातला. मुठीत वाळूबरोबर काचेचा एक तुकडा आला. ताईंनी तो हळूच माझ्या हातातून काढून घेतला आणि शेजारच्या डब्यात टाकला. डबा अर्धा भरलेला होता. "काल संध्याकाळी सारी वाळू चाळली होती मी," त्या म्हणाल्या. "रोजच निघते काही ना काही."

वडिलांनी धीर करून विचारलं, "पोरीला काही होणार नाही ना, ताई?"

दुसरे कुणी असते तर "काही काळजी करू नका" म्हणाले असते. ताई उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "होऊ शकते, गुरुजी. गुडघा जाऊ शकते, घोटा जाऊ शकते. होऊ नये म्हनून मी पाहीन. पन होनारच नाई, असं मी कोनालेच म्हनत नाई."

 परतीच्या गाडीत वडील म्हणाले, "बाई खरं बोलते, पण जिवाला घोर लावते." मला पाठवायचं ठरवायला त्यांना आठ दिवस लागले.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या वाचकांना ताईंची कारकीर्द ठाऊकच आहे. वरूडजवळच्या संत्र्याच्या बगीच्यात त्या वाढल्या. झाडांच्या दोन रांगांमधल्या वाटेवर पळून त्यांनी पावलांचं माप बसवलं. आधी त्या लांब उडी मारत. बायकांना आंतरराष्ट्रीय मैदानावर तिहेरी उडीची मोकळीक मिळाली ती पुरुषांच्या खूप मागून, आणि ती मिळताच आमच्या भागातून पुढे आलेल्या पहिल्या खेळाडू ताईच. तिहेरी उडी म्हणजे एका धावेत तीन उड्या: ज्या पायाने जमिनीत बसवलेल्या फळीवरून उडायचं त्याच पायावर उतरायचं, लगेच दुसऱ्या पायावर झेप घ्यायची आणि तिथून वाळूत. अंगाचा सगळा भार दर वेळी एका पायावर येतो. हा खेळ बाईच्या शरीराला, विशेषतः तिच्या गर्भाशयाला सोसत नाही, असं त्या काळी शिकलेली माणसंही ठामपणे सांगत. ताईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि पाच वेळा देशाचा गणवेश घातला.

षष्ट्यब्दीपूर्ती समितीचं पत्र आलं तेव्हा त्यात लिहिलं होतं, "आपण ताईंच्या निर्भयतेवर लिहावे." मी तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा कागद बाजूला ठेवला. ताईंचं कौतुक करणारी शेकडो माणसं त्यांना निर्भय म्हणतात. मी त्यांच्याजवळ सहा वर्षं शिकले, पुढे अकोल्याच्या शाळेत क्रीडाशिक्षिका झाले, आणि आजही महिन्यातून एकदा तरी त्यांना भेटते. त्यांच्याइतकं भिणारं माणूस मी पाहिलेलं नाही. तरीही या भीतीतूनच त्यांचं सगळं काम उभं राहिलं आहे, असं मला वाटतं.

एका जिल्हास्तरीय स्पर्धेत ताई पंच होत्या. फळीची एक कड जमिनीतून बोटभर वर आलेली त्यांना दिसली. पाहुणे मंडपात येऊन बसले होते, मुली तयार होत्या. संयोजक म्हणाले, "ताई, दोन घंट्यांचा खेळ हाय. उगाच काहून भिऊन राहिल्या?" ताई धावपट्टीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. उन्हात अर्धा तास. शेवटी संयोजक चिडून आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "भेकड म्हना मले. माइकवरून म्हना. पन फळी बसवल्याबिगर एकही पोट्टी इथून धावनार नाई." सुतार आला, फळी बसली, मगच स्पर्धा झाली. मी त्या मुलींपैकी एक होते. जवळून जाताना मला ताईंचे हात दिसले. ते कापत होते.

आम्ही मुली सरावानंतर घरी पोहोचलो की नाही, हे त्या फोन करून विचारत. फोन लागला नाही तर पुन्हा लावत. एकदा माझी गाडी बडनेऱ्याच्या पुढे बंद पडून मला उशीर झाला, तर त्यांनी आमच्या घरी सात वेळा फोन केला होता. आई म्हणाली, "आमच्यापेक्षा त्याच जास्त घाबरल्या होत्या."

आणि तरीही ज्याची त्यांना सदैव धास्ती, ते माझ्या बाबतीत घडलं.

दुसऱ्या वर्षी, हिवाळ्यातल्या एका सकाळी, दुसऱ्या झेपेवर उतरताना माझा उजवा गुडघा आतल्या बाजूला वळला. आवाज मी ऐकला, ताईंनीही ऐकला. त्या माझ्याजवळ पोहोचल्या तेव्हा त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की दुखण्यापेक्षा मला त्याचीच भीती वाटली. सहा महिने गुडघ्याला पट्टा होता. डॉक्टरांनी परवानगी दिली, गुडघा बरा झाला, ताकदही आली. पण उडी गेली. धावपट्टीवर मी नीट धावत जाई, आणि फळी दोन पावलांवर आली की पाय आपोआप आखडत. रोज हेच. पंधरा दिवस, महिना, दोन महिने. रात्री पलंगावर पडले की डोळ्यांपुढे फळी येई आणि घाम फुटे. घरी मी म्हणे, "गुडघा अजून दुखतो." ताईंनाही तेच सांगे. गुडघा अजिबात दुखत नव्हता.

एका दुपारी ताई म्हणाल्या, "चाल, आज मी तुह्यासंग अकोल्याले येतो. गुरुजींशी बोलाचं हाय."

 माझं खोटं पकडलं गेलं आणि आता वडिलांसमोर सांगितलं जाणार, असं मला वाटलं. एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. ताई खिडकीबाहेर पाहत होत्या. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली, बरेच जण चहाला उतरले. तेव्हा त्या अचानक बोलू लागल्या.

त्यांच्या सहाव्या उडीची हकीकत आपण सर्वांनी अनेकदा ऐकली आहे. आशियाई पातळीवरची ती स्पर्धा परदेशात होती. पाचवीला वारा मागून होता, तरी पाच उड्यांनंतर ताई चौथ्या होत्या आणि तिसऱ्या क्रमांकाला नऊ सेंटिमीटर कमी पडत होते. सरावात त्यांनी त्याहून लांब उडी मारलेली होती. सहावी उडी शेवटची. त्या धावल्या आणि फळीवरच पोटरीचा स्नायू दुखावला. पदक हुकलं, पण दुखावल्या पायानेही त्या देशासाठी धावत पुढे गेल्या, असं गेली तीस वर्षं अमरावतीच्या प्रत्येक सत्कारात सांगितलं जातं. माणसं टाळ्या वाजवतात. तेव्हा ताई मान खाली घालून बसतात आणि आपण तो त्यांचा विनय समजतो.

"पोटरीले काईच झालं नव्हतं," ताई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"त्याच्या दीड वर्षाआधी माह्या पोटातलं गेलं होतं. तिसऱ्या महिन्यात. सासूबाई म्हनल्या, उड्या मारून पोर पाडलं. शेजारच्या बाया म्हनल्या. डॉक्टर धड हो म्हने ना, नाई म्हने ना. मंग हे स्पर्धेचं आलं. जायच्या टायमाले पाळी चुकून पंधरा दिवस झाले होते. कोनालेच सांगितलं नाई मी. तपासायलेही गेली नाई. हो म्हनलं असतं तर जाता आलं नसतं. नाई म्हनलं असतं तर..." त्या थांबल्या. "तर तेही मले आयकाचं नव्हतं."

मी विचारलं, "पण ताई, पाच उड्या तर मारल्या होत्या ना तुम्ही?"

"मारल्या ना. हरेक उडीले वाटे, आता झालं. वाळूतून उठताना आधी कपडे पाहो मी. पाचवीनंतर पोटात कळ आली. भुकेची असन, भेवाची असन. सहावीले धावली. फळीवर पाय पडला आन् वर उचललाच नाई. वाळूतून तशीच धावत पार पलीकडे गेली. पंचांनी बादचा लाल झेंडा दाखवला. आमचे प्रशिक्षक धावत आले. मी खाली वाकली आन् पोटरी धरली."

गाडीत लोक परत येऊन बसू लागले होते. ताईंनी आवाज आणखी खाली आणला.

"घरी येऊन डॉक्टरकडे एकटीच गेली. ते म्हनले, काई नाई, सराव जास्त झाला की पाळी चुकते. काईच नव्हतं पोटात."

बोरगाव मंजू मागे पडलं. अकोला जवळ आलं तेव्हा मी कशीबशी म्हणाले, "ताई, माझा गुडघा दुखत नाही."

"मले माहीत हाय."

"मला भीती वाटते."

"तेही माहीत हाय. थांबाचं असन तर थांब, मेधा. कोनी काई म्हननार नाई तुले, मी म्हनू देनार नाई. पन थांबशीन तर गुडघ्याचं नाव नको घेऊ. मी पोटरीचं नाव घेतलं आन् मंग जलमभर पोटरीच सांभाळत बसली."

घरी वडील ओसरीवर बसले होते. ताईंनी एकच वाक्य उच्चारलं, "मेधाले काई सांगाचं हाय," आणि त्या मागे सरकून उभ्या राहिल्या. मी वडिलांसमोर उभी राहून सांगितलं की गुडघा बरा आहे आणि मला उडीची भीती वाटते. ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाले, "तू गाडीत बसलीस की संध्याकाळपर्यंत माझं संध्येत लक्ष लागत नाही. मीही कुणाला सांगितलं नव्हतं." आईने चहा आणला. ताईंनी तो उभ्याउभ्याच घेतला आणि शेवटच्या गाडीआधीची गाडी पकडून त्या परत गेल्या, कारण शेवटची चुकली तर काय, अशी त्यांना चिंता होती.

मी दोन महिने मैदानावर गेले नाही. ताईंनी एकदाही बोलावलं नाही. मग एका सोमवारी माझी मीच गेले. त्यांनी पहिल्या दिवशी मला फक्त चालत फळीपर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशी दोन पावलं पळत. तिसऱ्या आठवड्यात मी पूर्ण धावेने तीन झेपा घेऊन वाळूत पडले, आणि वळून पाहिलं तर ताई पाठ करून उभ्या होत्या. त्यांना ती उडी पाहवली नव्हती. पुढे विद्यापीठाच्या स्पर्धेत मी तिसरी आले. त्याहून पुढे काही मला जमलं नाही, पण जे जमलं ते भीतीसकट जमलं.

भीती पुरी सरते, असं ताईंनी मला कधी सांगितलं नाही आणि त्यांची सरलीही नाही. त्या सहाव्या उडीनंतर दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली, ऋतुजा. ती आज पुण्यात नोकरीला आहे. ऋतुजाच्या जन्माच्या आधी आणि नंतरही ताई पुन्हा परदेशी स्पर्धांना गेल्या, पाचव्या आल्या, सातव्या आल्या, पण पदकाच्या इतक्या जवळ पुन्हा पोहोचल्या नाहीत. मला दिवस गेले तेव्हा, चौथ्या महिन्यात, मी शाळेतल्या मुलींना पावलं दाखवत होते. उडी नव्हे, नुसती पावलं, आणि तीही डॉक्टरांना विचारून. कुणीतरी ताईंना ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या अकोल्यात शाळेच्या फाटकात उभ्या. मला मैदानावरून हाताला धरून त्यांनी बाहेर काढलं. मी म्हणाले, "ताई, आता डॉक्टरच म्हणतात, हालचाल करा. तुम्हाला माहीत आहे हे." त्या म्हणाल्या, "माहीत हाय. सारं माहीत हाय मले." आणि तिथेच, मुलींसमोर, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तरी नको ना." त्या दिवसापासून मी बाळंत होईपर्यंत पावलं दाखवली नाहीत. त्यात शास्त्र नव्हतं. त्यांच्यासाठी तेवढं करावंसं वाटलं.

हा लेख मी त्यांच्या परवानगीशिवाय छापायला देणं शक्य नव्हतं. मागच्या महिन्यात कच्चा मसुदा घेऊन मी अमरावतीला गेले. ताईंचे यजमान, भुयार वकील, आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. ताईंनी बाहेर ओसरीत बसून मसुदा वाचला. दोनदा वाचला. मला वाटलं, आता त्या माझ्यावर रागावतील आणि हे नातं इथेच संपेल. त्यांनी चष्मा काढला आणि हाक मारली, "अहो, इकडे या बरं."

वकीलसाहेब आले. ताईंनी त्यांच्या हातात कागद दिले. मी उठू लागले तर त्यांनी माझं मनगट धरून बसवलं. वकीलसाहेबांना वाचायला पुष्कळ वेळ लागला. मध्ये एकदा त्यांनी मागचं पान पुन्हा काढलं.

"तीस वर्ष मी लोकायले पोटरीचं सांगून राहिलो," ते म्हणाले. "मंचावरून सांगितलं. पाव्हन्यारावळ्यांले सांगितलं. मले काहून नाई सांगितलं तू?"

"तुमच्या मायचं भेव वाटे."

"मायले जाऊन अकरा वर्ष झाली."

"माय गेली," ताई म्हणाल्या. "भेव नाई गेलं."

 आपल्या आईच्या बोलण्यापुढे आपण त्या वेळी गप्प राहिलो होतो, असं वकीलसाहेब हळू आवाजात म्हणाले.  मग त्यांनी कागद सारखे करून माझ्याकडे दिले. "छापा," ते म्हणाले. "पन आधी ऋतुजाले फोन लावा. पोरीनं पुस्तकात नाई वाचावं हे."

फोन ताईंनी स्वतः लावला. आत जाऊन, दार लोटून घेऊन. बाहेर आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते. पंधरा-वीस मिनिटांनी त्या आल्या आणि म्हणाल्या, "ते शनिवारी येऊन राहिली. म्हने, मले समोर बसून सांग." त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण मान ताठ होती. मग त्यांनी मला मसुद्यातली एक चूक दाखवली. पाचव्या उडीच्या वेळी मी वारा समोरून लिहिला होता, तो मागून होता. ती दुरुस्ती करायला त्या विसरल्या नाहीत.

या ग्रंथाचं प्रकाशन होईल त्यानंतर थोड्याच दिवसांत ताईंच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया व्हायची आहे. इतक्या वर्षांच्या उड्यांचं ओझं या गुडघ्यांनी वाहिलं. डॉक्टर म्हणतात, चिंतेचं कारण नाही. ताईंनी आतापर्यंत तारीख दोनदा पुढे ढकलली. पहिल्यांदा त्यांनी घरी लग्नकार्य असल्याचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांनी दवाखान्यात स्वतः फोन केला आणि मी शेजारी बसले असताना म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मले भेव वाटून राह्यलं. आठ दिवस द्या." डॉक्टरांनी दिले.

म्हणून ताईंच्या सर्व चाहत्यांना, सहकाऱ्यांना आणि शिष्यांना माझी एक विनंती आहे. त्यांना भेटायला दवाखान्यात जाल तेव्हा "तुम्हाला कसली आलीय भीती" असं कृपा करून म्हणू नका. खुर्ची ओढून शेजारी बसा. त्या बोलल्या तर ऐका. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडो, नवे गुडघे त्यांना मानवोत, रोजचं चालणं त्यांना बिनदुखण्याचं होवो आणि आणखी पुष्कळ वर्षं त्या आमच्या मुलींच्या घरी "पोचली का" म्हणून फोन करत राहोत, एवढंच मागणं मी घरच्या देवापुढे रोज मागते. मागताना मलाही भीती वाटते. ती मी आता कुणापासून लपवत नाही.